अप्पांच्या आईचे मासे

मल्लिकार्जुनअप्पांच्या दुकानाच्या ओसरीवर माझी शिलाईची मशीन होती. होती म्हणजे काय, रोवलेलीच होती म्हणा. पहिल्या दिवशी जिथं टेकवली तिथून ती हलवायची टाप नव्हती. उन्हाळ्यात दुपारचं ऊन नेमकं माझ्या टाळक्यावर यायचं. मी म्हणायचो, "अप्पा, हातभर सरकवतो हो मशीन, डोकं शिजायलंय." अप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणायचे, "लिंबाजी, जिथलं तिथं." झालं. पुढं बोलायची सोयच न्हाई. ओसरी फुकट वापरायला दिली होती ना त्यांनी! मग काय, टोपीखाली ओलं फडकं घालून मी लोकांच्या बंड्या शिवत बसायचो.

आमचं खडकगाव दुधनेच्या काठी. सकाळी वालूरच्या बाजाराला गाडी जुंपली तर दिवे लागायच्या आत माणूस घरी. मुलूख निजामाचा, कचेरीची जबान उर्दू, गल्ल्यातला सिक्काबी निजामाचाच, हाली, आन् भांडणं तेवढी मराठीतून. ही गोष्ट रझाकारांच्या लय आधीची, गावात भांडायला अजून बारीकसारीक कारणं पुरायची तेव्हाची.

अप्पा लिंगायत वाणी. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आन् स्वभाव असा की दुकानातलं मापसुद्धा रोज त्याच खिळ्याला, त्याच अंगानं लटकलं पाहिजे. गुळाच्या ढेपेवरची माशीसुद्धा जागा बदलायच्या आधी इचार करत असंल. आन् बायको कशी मिळाली? शिवम्मावैनी! त्या बाईला एक वस्तू दोन दिस एका जागी बघवायची न्हाई. आज रांजण दाराशी, उद्या चुलीपाशी. अप्पा पाणी प्यायला जायचे आन् रिकाम्या जागेत तांब्या बुडवायचे. मग आतून आवाज यायचा, "जिथलं तिथं ऱ्हाऊ दे म्हणून कितींदा सांगावं गं तुला!" वैनी म्हणायच्या, "मलाबी कोनाड्यात बसवा मग, फडक्यात गुंडाळून!"

तर हा कोनाडा ध्यानात ठेवा. गल्ल्याच्या वर एक कोनाडा होता, त्यात लाल फडक्यात गुंडाळलेली अप्पांच्या वडलांची विभूतीची डबी. चांदीची. वडील गेल्यापासून तिला हात लावायची कुणाला परवानगी न्हाई. शिवरात्रीच्या आधी अप्पांच्या आई, सिद्धम्माकाकू, तेवढ्या ती उतरवून घासायच्या आन् परत फडक्यात बांधून ठेवायच्या. अप्पा रोज दुकान उघडताना कोनाड्याला डोकं टेकायचे. फडकं सोडून आत बघायचं कधी त्यांच्या मनातसुद्धा आलं न्हाई. बघायचं कशाला? जिथलं तिथं होतं की.

सिद्धम्माकाकू म्हणजे एवढीशी वाळकी बाई, पण तोंड असं की म्हशी वाट सोडायच्या. दर सोमवारी झुंजूमुंजू व्हायला पदरात कणकेच्या गोळ्या बांधायची आन् महादेवाच्या डोहावर जायची, माशांना घालायला. परत यायची तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, बोटं सोललेली. अप्पा मला म्हणायचे, "बघ लिंबाजी, आईची सेवा बघ. मुक्या जिवांपायी हाताची काय दशा करून घेतलीय." माशांना गोळ्या घातल्यावर बोटं कशानं सोलतात, हे ना त्यांनी इचारलं ना मी. अप्पांची गाडी सोमवारी पहाटंच मानवतला माल भरायला जायची, आन् मला काजं करायची असायची. दुसऱ्याच्या आईच्या बोटांची चौकशी करायला टेलरला कुठं फुरसत!

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत काकूंची छाती भरली आन् त्या गेल्या. समाधी दिली, सगळे विधी यथासांग झाले. अप्पांच्या डोळ्यांतून टिपूस न्हाई. गाव म्हणायलं, दगडाचा माणूस हाय. पुढच्या सोमवारी मात्र अप्पांनी मानवतची गाडी रद्द केली, कणीक मळून घेतली, आन् मला म्हणाले, "लिंबाजी, चल संगं." मी गेलो. त्या माणसानं कधी कुणाला संगं बोलावलंच नव्हतं.

डोह म्हणजे नदीचा खडकाळ वळसा. एका अंगाला सलंग काळा खडक, त्यावर महादेवाचं देऊळ आन् पायऱ्या, आन् खाली पाण्यात दगडच दगड. अप्पांनी पहिली गोळी टाकली आन् पाणी उकळल्यागत झालं! खवले मासे आले, मिशावाले आले, दगडाला तोंड लावून चिकटून बसणारे काळे बारके मासे आले, झिंगे आले, एक खेकडा तर नांगी वर करून हिस्सा मागायला आला. अप्पा पायरीवर मटकन बसले आन् लहान लेकरावानी रडले. म्हणाले, "आई गेली न्हाई रे. ही बघ, ही सगळी आईचीच हायेत." मलाबी गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून गावात त्या माशांचं नाव पडलं, अप्पांच्या आईचे मासे.

पण अप्पांना एखादी गोष्ट आवडली म्हणजे तिचं काही खरं न्हाई. ती जिथल्या तिथं ठेवायची त्यांना लगेच घाई होते. दुसऱ्या सोमवारी गेले तर बायका पायऱ्यांवर वाकळा आपटायल्यात, खडकाला काथ्यानं घासायल्यात. पलीकडं आश्रुबा म्हशी धुवायलाय. आन् पाण्यात मधोमध कडूबाई भोईण, लुगड्याचा काष्टा मारून, एक-एक दगड उचलून खालचे खेकडे धरायलीय. अप्पांचा जीव तीळ तीळ तुटला. "अरे, ह्या गोंधळात आईच्या माशांना झोप तरी येत असंल का?" मासे झोपतात का न्हाई हे मला ठाऊक न्हाई, पण अप्पांना झोप येईना एवढं खरं.

पटलाच्या पाया पडून, पटवाऱ्याकडून दरखास्त लिहवून अप्पांनी तहसिलीतून हुकूम आणला. हुकूम उर्दूत. देवळाच्या भिंतीला खळीनं चिकटवला. पटवारी सोडला तर गावात तो कुणालाच वाचता येईना, म्हणून सगळ्यांनी त्याला लय मान दिला. मग दवंडी फिरली, "महादेवाच्या डोहात कुणी धुणं धुवू न्हाई, जनावर घालू न्हाई, दगड हलवू न्हाई होऽऽ!" बायकांना धुण्याचे गठुडे घेऊन खाली बाभळबनातल्या चिखलात जायची पाळी आली. जाताना त्या दुकानासमोरून जायच्या आन् अप्पांच्या सात पिढ्या मोजायच्या. सगळ्यात मोठा आवाज शिवम्मावैनींचा. त्यांना तर त्याच घरात परत यायचं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. मिरग जवळ आला तसे अप्पा अस्वस्थ. "लिंबाजी, पुराला कशी मनाई करावी?" मी म्हणालो, "उर्दूत करून बघा." माझा टोमणा त्यांना कळला न्हाई. त्यांनी दुकानातला गडी मुंजाजी आन् आणखी चौघं लावून डोहाच्या वरच्या अंगाला दगडांची भिंत घातली. पुराचं पाणी पलीकडच्या काठानं जावं, डोहाला त्याचा धक्का लागू नये.

आता त्या भिंतीला दगड कुठले? डोहातलेच की! इथं जरा समजून घ्या, हसायचं मागून हसा. नदीतले दगड सारखे नसतात. धारेतले बारके गोटे, ते प्रत्येक लोंढ्याला गडगडत ऱ्हातात, त्यांच्या अंगावर काहीच टिकत न्हाई, नुसते गुळगुळीत. मोठा सलंग खडक, तो जन्मात हलत न्हाई, आन् त्याला घासलं न्हाई तर त्याच्यावर एकच एक हिरवट शेवाळ चढून बसतं, दुसऱ्या कुणाला बसू देत न्हाई. आन् मधले धोंडे, एका माणसाला उचलतील असे. ते कधी पुरात कुशीवर वळतात, कधी म्हशीचा पाय लागून सरकतात, मग पुढं काही दिस गप पडतात. ह्यांच्यावर आन् ह्यांच्या खाली सगळी बिऱ्हाडं. खाली खेकडा, बगलेला गोगलगाय, शिंपला, माशांची अंडी, वर पातळ कवळं शेवाळ, आन् ते चरायला काळे मासे. हे सारं मला आज ठाऊक हाय. तेव्हा मुंजाजीला एवढंच कळत होतं की बारके गोटे भिंतीला चालत न्हाईत आन् खडक उचलत न्हाई. म्हणून त्यानं नेमके मधले धोंडे उचलले. एकूण एक. बिऱ्हाडासगट.

त्या वर्षी पाऊस बेताचा. भिंत टिकली. डोहाला पुराचा शिंतोडा लागला न्हाई. ना आपटणं, ना घासणं, ना म्हस, ना कडूबाई. अप्पा पायरीवर बसून डोळे मिटायचे आन् म्हणायचे, "काय शांतता हाय!" शांतता होतीच. स्मशानातसुद्धा असते.

दिवाळीपर्यंत खडकावर शेवाळाचा बोटभर थर चढला. पायऱ्या हिरव्या, तळ हिरवा, पाणीसुद्धा हिरवट, वास मारणारं. आधी खेकडे दिसायचे बंद झाले, मग ते काळे चिकटणारे मासे, मग खवले. अप्पा गोळ्या टाकायचे, त्या शेवाळावर पडून ऱ्हायच्या, दुसऱ्या सोमवारी त्यांना बुरशी आलेली असायची. ते हाक मारायचे, "या गं, या." आन् पाण्यात एक बुडबुडा उठायचा न्हाई. संक्रांतीपर्यंत माणूस निम्मा झाला. दुकानात मीठ मागितलं तर साखर द्यायचे. गिऱ्हाईक काही बोलायचं न्हाई, घेऊन पळायचं.

"आई रुसली लिंबाजी," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा गेली." मला त्यांचा रागबी यायचा आन् कीवबी यायची. मग एका सकाळी डोळे बारीक करून म्हणाले, "रुसली न्हाई. चोरी झालीय. हे त्या कडूबाईचं काम."

झालं! पोलीस पटलानं ठाण्यावरून जमादार बोलावला. माशांची चोरी! जमादार तट्टावरून आला, ताज्या खळीचा साफा, मिशीला पीळ. सगळं गाव देवळापाशी जमलं. जमादार पायरीवर उभा ऱ्हाऊन गरजला, "कहाँ है चोर?" आन् एक पाऊल पुढं टाकलं. पुढचं पाऊल टाकायची गरज पडली न्हाई. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत बसल्या बसल्या गेला आन् डोहात गडप. साफा तेवढा वर तरंगत ऱ्हायला. आश्रुबानं म्हशीची दोरी टाकून त्याला ओढून काढलं. हिरवागार झालेला जमादार मिशीतलं शेवाळ काढत म्हणाला, "अरे अप्पा, हौला हुआ क्या, पागल? याँ आदमी खडा नै रै सकता, मछली कौन चुराताय!" आन् पंचनामा न करता गेला. तट्टूसुद्धा त्याला वळखंना.

लोक पोट धरून हसायलते. अप्पांना ते झोंबलं. गर्दीत कडूबाई सगळ्यात मोठ्यानं हसायली होती. अप्पा सरळ तिच्यावर गेले. "हसती काय? तूच धुतला डोह! आई जिती होती तोवर तुझी हिंमत झाली न्हाई. ती गेली आन् तू तिचे मासे खाल्ले!"

कडूबाईचं हसू एकदम थांबलं. कमरेला हात लावून ती पुढं आली. "मी? अप्पा, खेकडे धरते मी, उजळ माथ्यानं धरते. तुमच्या डोहात आता बेडूकबी ऱ्हाईना, कटाळून गेला. आन् दगड काय मी एकटी उलटायचे? तुमची आईबी उलटायची!"

"तोंड सांभाळ! आई माशांना कणीक घालायला यायची."

"कणीक वरून, आन् शोध खालून!" कडूबाई ओरडली. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "शपथ घातली व्हती म्हातारीनं मला. पर तुमी मला चोर म्हणायले, आता फिटली शपथ. तुमच्या बापाची चांदीची डबी हितं पडलीय, डोहात. शिवरात्रीच्या आधी घासायला आनली व्हती, हातातून निसटली आन् दगडात गेली. ह्याला किती वर्सं झाली! दर सोमवारी आमी दोघी हुडकायचो. ती चार दगड उलटायची, मी चार उलटायचे. पुन्हा व्हते तसे सुलटे ठिवायची, तुमाला पत्ता लागू नये म्हनून."

अप्पा हसले. लय दिसांनी हसले. "खोटारडी! डबी कोनाड्यात हाय. आजच सकाळी पाया पडलो."

"कोनाड्यात," कडूबाई म्हणाली, "माझी चुन्याची डबी हाय."

अप्पा तडक दुकानाकडं निघाले. मग सगळं गाव अप्पांच्या मागून दुकानात. अप्पांनी लाल फडकं सोडलं. आतून निघाली पितळेची चुन्याची डबी, झाकणाला पोचा आलेली. आत वाळून खडंग झालेला चुना आन् सुपारीचं एक खांड. एवढी वर्षं अप्पा रोज सकाळी कडूबाईच्या चुन्याला डोकं टेकायलते! शिवम्मावैनींनी पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे थांबंनात. कडूबाई म्हणाली, "बघितलं ना? आता द्या माझी मला. इतकी वर्सं मी चुना पानात बांधून फिरायले."

अप्पांनी डबी तिच्या हातावर ठेवली आन् फळ्या लावल्या. दिवसाउजेडी दुकान बंद! मी ओसरीवर बसून ऱ्हायलो. घरी कसा जाणार? उन्हं कलल्यावर ते बाहेर आले, माझ्यापाशी बसले, आन् म्हणाले, "आई मला भ्याली, लिंबाजी. माझी आई, जिला म्हशी भ्यायच्या, ती माझ्या जिथलं तिथंला भ्याली. एक डबी हरवली एवढं मला सांगायची चोरी झाली तिला. म्हातारपणी गार पाण्यात दगड उलटत ऱ्हायली, आन् मी म्हणायलो काय सेवा करते." टेलरकडं सगळ्याला टाका असतो, ह्याला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः डोहावर. धोतराचा काष्टा मारून, भिंतीतला एक-एक धोंडा काढून परत पाण्यात. मुंजाजी मदतीला आला तर त्याला हाकलला. डबी हुडकायची म्हणजे आधी सगळं आईच्या वेळेसारखं व्हायला पाहिजे, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. पडले, आपटले, जमादारासारखे दोनदा हिरवे झाले. पण भिंत उतरवली. हुकुमावर चुना फासला. तोही आमच्या गावात सगळ्यांना लगेच वाचता आला.

मग काय इचारता! साऱ्या गावाच्या बायका एकाच दिवशी उतरल्या. वर्षभराच्या वाकळा, घोंगड्या, पोती. आश्रुबाच्या म्हशी, त्याच्या मेव्हण्याच्या म्हशी, कुणाचं घोडं. डोहाचा रबडा झाला. आन् अप्पा? त्यांचं कुठलंही काम अर्धवट नसतं. त्यांनी सकाळपासून डोहातला झाडून सगळा दगड उलटला आन् तसाच उताणा टाकला. डबी न्हाई. चार दिवसांनी गोगलगाई अन् शिंपले उन्हात वाळून असा वास सुटला की महादेवालाबी नाक असतं तर त्यानं धरलं असतं. थोडे चुकार मासे यायलते, तेबी पळाले.

कडूबाई आली आन् तिनं अप्पांना असं झाडलं की शिवम्मावैनीसुद्धा ऐकत बसल्या. "आवं, समद्यांची घरं एका दमात उलथी करतेत का? तुमची आई चार उलटायची, आन् परत झाकायची!"

"आई तर मला कळू नये म्हणून झाकायची," अप्पा म्हणाले.

"कशापाईबी झाकू द्या. झाकायची ना?"

ह्यात कुणी शहाणं नव्हतं, हे मी आजबी सांगतो. सिद्धम्माकाकूंना माशांचं काही कळत नव्हतं, त्या लेकाला भिऊन दगड सुलटे ठेवायच्या. कडूबाईला रश्श्याची काळजी. बायकांना घसरायचं नव्हतं म्हणून खडक घासायच्या. आन् पुराला तर काहीच पडलेलं नसतं. पण ह्या सगळ्यांच्या थोड्या थोड्या खोड्यांवर तो डोह भरलेला होता.

शेवटी वार लावून दिले शिवम्मावैनींनी. जन्मभर घरातली भांडी हलवण्याचा अनुभव होता त्यांना. अमक्या वाड्यातल्या बायका अमक्या वारी, म्हशी खालच्या अंगाला, आन् सोमवारी सकाळी फक्त मासे, अप्पा आन् कडूबाई. पुढच्या मिरगात नदीला दणकून पूर आला. अडवायला भिंत न्हाई. मधले धोंडे लोळले, कुशीवर वळले, खडकावरचं शेवाळ सोलून निघालं. अप्पा पायरीवर छत्री घेऊन उभे, आन् पुराकडं बघून म्हणायलते, "बास की रे आता, बास की!" पूर ऐकल्यासारखा तिसऱ्या दिवशी ओसरला.

थंडीच्या आत मासे आले. आधी काळे चिकटणारे, मग झिंगे, मग खवले. अप्पांनी मला ओढत नेऊन दाखवले. येताना म्हणाले, "लिंबाजी, तुझी मशीन सरकव. ऊन लागत असंल." मी सावलीत सरकवली. आन् काय सांगू, सावलीत मला शिंकाच शिंका! दुसऱ्या दिवशी गुपचूप परत उन्हात आणून ठेवली. अप्पांनी बघितलं आन् पुन्हा तराजूकडं वळले.

पुढं दर सोमवारचा त्यांचा नेमच झाला. कणकेच्या गोळ्या टाकायच्या, काष्टा मारायचा, चार दगड उलटायचे, खाली डबी बघायची, न्हाई म्हणायचं, दगड होता तसा ठेवायचा. तेवढ्यात आश्रुबाची म्हस वर आली तर तिला अशा शिव्या घालायचे की काठावरच्या बायका चपापून वळून बघायच्या. तोच आवाज, तीच शिवी, सिद्धम्माकाकूंची. म्हशीसुद्धा वळखायच्या, वाट सोडायच्या.

एका सोमवारी मी पायरीवर बसलो होतो. वैनी गोळ्या घेऊन आल्या होत्या. खालच्या अंगाला कडूबाईनं एक धोंडा उचलला आन् ती तशीच वाकून ऱ्हायली. मग हळूच हात घालून काहीतरी काढलं, पदराखाली धरून वैनींपाशी आणलं. काळी पडलेली चांदीची डबी. झाकण अर्धवट उघडं, आत गाळ, आन् त्या गाळात नखाएवढा खेकडा, आमच्याकडं बघून नांगी उगारायलता.

"अप्पाला हाक मारू?" कडूबाई कुजबुजली.

वैनींनी मान वळवून बघितलं. वरच्या अंगाला अप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते. धोतर भिजलेलं, कपाळावरची विभूती पुसलेली, हातात एक दगड. त्याच्याखाली त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, एकटेच मोठ्यानं हसायलते. आयुष्यात घरात कधी हसले न्हाईत तसे. वैनींचे डोळे भरून आले. त्यांनी डबी कडूबाईच्या हातातून घेतली, खेकड्यासगट, पाण्यात उतरल्या, वाकल्या, आन् त्याच धोंड्याखाली सारून दिली. वरून धोंडा नीट बसवला, आधी होता त्याच अंगानं.

"जिथलं तिथं, कडूबाई," त्या म्हणाल्या.